हरणांसाठी ३७ एकर: रानातल्या कामाच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२२, शनिवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय, नाहीतर कुठल्या कोपऱ्यात कधी काय केलं ते मलाच आठवत नाही. जागा विस्कॉन्सिनच्या नैऋत्येला, ड्रिफ्टलेस म्हणतात त्या भागात. हिमयुगातला बर्फ इथवर पोचलाच नाही म्हणून एवढा पट्टा डोंगर-घळींचा राहिलाय. एकूण ३७ एकर, त्यात ३० जंगल आणि बाकी जुनं गवताचं कुरण, मॅडिसनहून सव्वा तास. मी शिकार करत नाही, पण हरणं यावीत, राहावीत, पाडसं वाढवावीत एवढी हौस आहे. इथली हरणं म्हणजे व्हाईटटेल, पळताना शेपूट पांढऱ्या रुमालासारखं वर करतात ती.

आजचं काम म्हणजे चुना. कुरणाच्या कोपऱ्यात अर्धा एकर फूड प्लॉट (हरणांनी खायला म्हणून पेरलेला तुकडा) करतोय, त्याच्या मातीचा रिपोर्ट ऑक्टोबरात आला, सामू ५.६, क्लोव्हरसाठी (तीन पानांचं चाऱ्याचं पीक) साडेसहाच्या आसपास हवा, सल्ला एकरी २ टन. म्हणजे अर्ध्या एकराला १ टन, म्हणजे ४० पौंडाच्या ५० गोण्या, आणि त्या पिकअपमधून उतरवायला मी एकटा. पंचविसाव्या गोणीनंतर मोजणं सोडून दिलं.

चूक अशी की चुना आधी टाकून मग वखरायचं असतं. मी सप्टेंबरातच शेजारच्या आजोबांकडून डिस्क मारून घेतली, विंटर राय (थंडी सोसणारं, गव्हासारखं धान्य) फोकली आणि रिपोर्टची वाट नंतर बघत बसलो. आता वरून टाकलेला चुना पावसापाण्यासोबत इंच इंच खाली जाणार, त्याला वर्ष-दोन वर्षं लागणार.

संध्याकाळी बाबांना व्हिडिओ कॉलवर प्लॉट दाखवला. आमची शेती यवतमाळकडची, तूर, सोयाबीन, थोडा हरभरा, आणि रोही (नीलगाय) नि रानडुकरांपायी बाबांनी उभा जन्म रात्री जागल केली. ते बघत राहिले आणि म्हणाले, "काहून रे, हरणासाठी पेरून रायला तू?" मी हो म्हटलं. जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "इथले घेऊन जाय मंग चार-दोन रोही."

काय पेरलंय विचारलं तर मी राय म्हटलं, त्यांनी राई ऐकलं, म्हणजे मोहरी, आणि मग मोहरीला एवढा चुना कशाला यावर दहा मिनिटं गेली.

१४ जानेवारी २०२३, शनिवार

डीएनआरचा, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा, फॉरेस्टर येऊन गेला. जागामालकाला असं एकदा सोबत फिरून फुकट सल्ला मिळतो हे मला गेल्या महिन्यापर्यंत माहीतच नव्हतं. मी त्याला आधी प्लॉट दाखवायला नेलं, त्याने दोन मिनिटं बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, छान, आता जंगलात जाऊ.

जंगलात गेल्यावर तो वर बघेना, खालीच बघत होता. बर्फातून एक हातभर फुटवा वर आला होता तो त्याने वाकवून दाखवला. टोक फाटल्यासारखं, चिंध्या लोंबताहेत. दुसरा फुटवा तिरका, सुरीने कापावा तसा साफ. फाटलेला हरणाने खाल्लेला, साफ कापलेला सशाने. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तेव्हा ते तोडत नाही, खालचे दात लावून ओढून उपटतं. गाई-म्हशींचं तसंच असतं हे मला लहानपणापासून माहीत, पण डोक्यात कधी जोडलंच गेलं नव्हतं.

मग त्याने मला डोंगराच्या उतारावर उभं करून सरळ समोर बघायला सांगितलं. जमिनीपासून साधारण साडेचार-पाच फुटांपर्यंत सगळं मोकळं, एकही हिरवी-कोवळी काडी नाही, आणि त्याच्यावर सगळ्या फांद्या एका रेषेत, दोरी लावून छाटल्यासारख्या. हरणाचं तोंड पोचतं तिथपर्यंतचं सगळं संपलेलं. आणि खालून नवीन येत नाही कारण वर छत बंद आहे, मेपल, आयर्नवुड, एल्म सगळे एकमेकांत घुसलेत, जमिनीला ऊनच लागत नाही.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं, मोठं हरीण दिवसाला साधारण तीन किलो चारा खातं आणि ते रोज खातं, फेब्रुवारीतही, जेव्हा तुझा प्लॉट दोन फूट बर्फाखाली असेल. अर्धा एकर क्लोव्हर ही जेवणातली कोशिंबीर झाली. खरं ताट म्हणजे हे ३० एकर, आणि ते रिकामं आहे.

मला जरा लागलं हे. ५० गोण्या उचलल्या होत्या मी.

त्याने निळ्या रंगाने काही झाडांवर पट्टे मारले (ही ठेवायची, बहुतेक व्हाईट ओक आणि बर ओक), त्यांच्या फांद्यांना टेकणारी तीन-चार बाजूंची झाडं काढायची. व्हाईट ओकचं फळ एका वर्षात पिकतं आणि कमी तुरट असतं, हरणं आधी तेच शोधतात. रेड ओकच्या फळाला दोन वर्षं लागतात, तुरटपणाही जास्त, पण ती हिवाळ्यात उशिरापर्यंत उरतात, म्हणून दोन्ही हवीत.

४ फेब्रुवारी २०२३

पहिला तुकडा, एक एकर, दक्षिण उतारावरचा. चॅप्स, हेल्मेट, कानाला मफ, खिशात पाचर. आजोबा सोबत होते, एकट्याने चेनसॉ चालवायचा नाही हा बायकोचा नियम आणि तो बरोबरच आहे.

पाच-सहा इंचापर्यंतची झाडं हिंज कट केली, म्हणजे खोड दोन-तृतीयांश कापायचं, बाकी साल आणि थोडं लाकूड बिजागरीसारखं ठेवून झाड हळूच आडवं करायचं. झाड मरत नाही, आडवं पडूनही पुढची एक-दोन वर्षं पालवी फुटते, शेंडा हरणाच्या तोंडाशी येतो आणि वर छताला भोक पडतं. ऐकायला भारी वाटतं. करताना कळलं की प्रत्येक झाड आपल्याला हवं तिकडे पडत नाही, आणि चार झाडं एकमेकांवर पडली की आत माणूस जाऊ शकत नाही, हरीणही जात नाही. फॉरेस्टरला ही पद्धत फारशी आवडत नाही, तो म्हणतो वाईट झाड जिवंत ठेवून काय मिळवलंस, सरळ बुंध्यातून काप, फुटवे येतील ते जास्त कोवळे. मी निम्मं निम्मं केलं.

एक ॲश होतं आठ इंचाचं, जिवंत दिसत होतं म्हणून तेही हिंज करायला घेतलं. कट अर्ध्यावर आला आणि खोड उभं चिरलं, बंदुकीसारखा आवाज, चिरलेली फळी माझ्या खांद्याच्या वर हातभर गेली आणि झाड तिच्यावरून खाली आलं. मी बाजूला उभा होतो, मागे असतो तर लिहायला इथे नसतो. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त सॉ बंद कर अशी खूण केली आणि थर्मासमधली कॉफी दिली. ॲश उभं चिरतं हे त्यांना माहीत होतं, मी विचारलं नव्हतं. एमराल्ड ॲश बोअरर हा ॲश पोखरणारा किडा राज्यात २००८ मध्ये सापडला, त्यानंतर इथली ॲश एकेक करून वाळतायत, मेलेलं ॲश तर आणखी ठिसूळ. यापुढे ॲशला हात लावायचा नाही, उभी वाळून पडू देत, सुतारपक्ष्यांना होतील.

११ फेब्रुवारी

आठवड्यात त्या एका एकरात एवढ्या पावलांच्या खुणा की बर्फ तुडवून घट्ट झालाय. मेपलच्या आडव्या शेंड्यांच्या कळ्या सगळ्या खाल्ल्या, पेन्सिलएवढ्या जाड काड्यासुद्धा ओढल्यात, टोकं चिंध्या चिंध्या. दुपारी मी सॉ सुरू केला तर अर्ध्या तासात दोन माद्या वरच्या धारेवर येऊन उभ्या. आजोबा हसले, म्हणे हिवाळ्यात त्यांना हा आवाज कळतो. पंगत बसतेय म्हणून बोलावणं आल्यासारखं.

आजोबांच्या मुलाने विचारलं, मक्याच्या दोन गोण्या टाकू का रोज थोडा. नाही. एक तर आमच्या काऊंटीत हरणांना असं खाऊ घालायला बंदी आहे, सीडब्ल्यूडीमुळे. हा मेंदूचा रोग, राज्यात २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला, औषध नाही, लस नाही, लाळ-विष्ठेतून पसरतो आणि मातीत वर्षानुवर्षं राहतो, तेव्हा एका ढिगावर दहा तोंडं एकत्र आणणं म्हणजे आपणच वाटप करणं. पेरलेलं पीक चालतं, ओतलेलं धान्य चालत नाही. दुसरं म्हणजे पोट. हिवाळ्यात त्यांच्या पोटातले जंतू काड्या पचवायच्या कामाला लागलेले असतात, त्यात एकदम मका पडला की पोटात आम्ल होतं आणि भरल्या पोटी हरीण मरतं.

हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, त्यात काय नवीन, आपला खिलाऱ्या नाही का ज्वारीच्या पोत्यात तोंड घालून गेला. मला तो बैल आठवतो. मी तेव्हा चौथीत होतो.

१८ मार्च

फ्रॉस्ट सीडिंग. रात्री गोठतं, दिवसा वितळतं, त्याने मातीला बारीक भेगा पडतात आणि मिटतात, त्यात बी आपोआप गाडलं जातं. नांगर नको, रोलर नको. पांढरं क्लोव्हर एकरी ८ पौंड, म्हणजे मला ४ पौंड, एवढंसं पाकीट. मोहरीहून बारीक बी, एका पौंडात आठ लाखाच्या आसपास. गळ्यात अडकवायचा हाताने फिरवायचा स्प्रेडर, त्यात वाळू मिसळली, तरी पहिल्या तीन फेऱ्यांतच निम्मं संपलं. मग तोंड बारीक करून उरलेलं आडवं फिरवलं. रायझोबियम (मुळांवर नत्र धरणारे जिवाणू) चोळलेलंच बी घेतलं होतं.

सकाळी सातला जमीन दगडासारखी, दहाला बुटाला किलो किलो चिखल. वेळ साधायची म्हणजे त्या तीन तासांत.

१ एप्रिल

सॉ साफ करून आत ठेवला. एप्रिल ते जुलै ओकला जखम करायची नाही, ओक विल्टची बुरशी, रसाच्या वासाने येणारे किडे ती घेऊन फिरतात, आणि शेजारी शेजारी ओक असतील तर मुळांमधूनही एकाचं दुसऱ्याला जातं.

७ मे

रात्रीच्या वाऱ्यात एक मेलेलं एल्म पडलं, ते पट्टा मारलेल्या एका बर ओकवर, आणि मनगटाएवढी फांदी मुळापासून सोलून खाली. नेमका मे महिना. झाडाच्या जखमेला रंग लावायचा नसतो असंच सगळीकडे वाचलेलं, पण ओकला या दिवसांत ताबडतोब लावायचा असतो, किड्यांना वास जाऊ नये म्हणून. गाडीत काय होतं तर घरच्या बाथरूमचा उरलेला फिकट आकाशी. शिडी, ब्रश, तेवढ्यात बारीक काळे-तपकिरी दोन किडे येऊन बसलेही, ते नेमके तेच की दुसरे कोण ते मला सांगता येणार नाही, झटकले आणि दोन हात दिले. आता भर जंगलात एक ओक बाथरूमच्या रंगाचा ठिगळ लावून उभा आहे.

घरी येऊन पँटवर तीन टिक (गोचीड). मोजे वरून चढवायचे, कपड्यांवर पर्मेथ्रिन मारायचं, हे मी दर आठवड्याला विसरतो.

३ जून

पाऊस नाही. मे कोरडाच गेला. क्लोव्हर उगवलं होतं चांगलं, तीन पानांवर होतं, आता कडेचं पिवळं पडतंय. राय मात्र कमरेएवढी, ओंब्या आल्यात.

रायमधून तण बघायला शिरलो आणि पाऊल टाकणार तिथे पाडस. पोटाखाली पाय घेऊन, मान जमिनीला लावून, कान मागे चिकटवलेले, पाठीवरचे पांढरे ठिपके रायच्या काडीतून पडलेल्या उन्हासारखेच, मी बुटाच्या टोकापाशी बघितलं म्हणून. डोळा उघडा होता, त्यात मी दिसत होतो. श्वासाने कूस हलत होती, बाकी काही नाही. पाऊल मागे घेतलं आणि आलो तसाच त्याच पावलांवर परत गेलो. पाडस एकटं दिसलं म्हणजे टाकलेलं नसतं, आई दिवसभर लांब चरते आणि दूध पाजायला येते, उचलून नेलं की मात्र ते गेलंच. आजोबांना मोअर (गवत कापायचं मशीन) घेऊन यायला सांगितलं होतं, ते रद्द. जूनअखेरपर्यंत प्लॉटमध्ये मशीन नाही.

१ जुलै

क्लोव्हर गेलं. खाली बसून हाताने माती खरवडली, धूळ. शंभरातलं दहा-पंधरा रोप जगलंय, तेही रायच्या सावलीतलं. राज्यभर दुष्काळ, आणि वरून या आठवड्यात कॅनडातल्या वणव्यांचा धूर, सूर्य तांबडा, घसा खवखवतोय.

वैतागून जंगलात गेलो, सावलीत बसावं म्हणून, आणि फेब्रुवारीच्या त्या एका एकरात बसायला जागाच नाही. ब्लॅकबेरी मांडीपर्यंत, कापलेल्या मेपलच्या बुंध्यांना वीस-वीस फुटवे, हिंज केलेल्या एल्मला आडव्यानेच पालवी, ओलसर खोलगटात ज्युअलवीड. एकही बी मी टाकलं नव्हतं, एक थेंब पाणी नाही, चुना नाही. खाल्लेलंही दिसत होतं, ज्युअलवीडचे शेंडे सगळीकडे गायब. दहा पावलांवर न कापलेलं जंगल तसंच, खाली वाळलेली पानं आणि काही नाही.

तिथे दोन जाळीचे पिंजरे ठोकले, चार फूट व्यासाचे, पाच फूट उंच, एक प्लॉटला पण. आतलं-बाहेरचं बघितल्याशिवाय किती उगवलं आणि किती खाल्लं हे कळत नाही, बाहेर उघडं दिसलं की आपण उगवलंच नाही समजतो.

बाबांना फोन. "पेरणी उलटली," म्हटलं. यावर ते हसले नाहीत. किती बियाणं गेलं, कोणत्या तारखेला टाकलं होतं, खाली ओल किती खोल आहे, सगळं विचारलं. हरणासाठी की माणसासाठी हा विषयच निघाला नाही.

१२ ऑगस्ट

दुबार पेरणी. राय आडवी करून तिचाच आच्छादन म्हणून थर ठेवला, दोन दिवसांपूर्वी सर येऊन गेली, वाफसा होता. ओट्स ४० पौंड, क्लोव्हर परत ४. ओट्स आधी उगवून क्लोव्हरला सावली देतील आणि थंडीत मरून जातील, क्लोव्हर राहील. रोलर नाही म्हणून एटीव्हीच्या (रानात चालवायची छोटी चारचाकी) चाकांनीच दाबलं, खाली-वर, खाली-वर, दोन तास.

३० सप्टेंबर

ओट्स गुडघ्याएवढे, खाली क्लोव्हर दाट. पिंजऱ्याच्या आत ओट्स दीड फूट, बाहेर सहा इंच, म्हणजे बाहेर जे दिसतंय ते उरलेलं आहे.

ट्रेल कॅमेऱ्याचा व्हिडिओ बाबांना दाखवला, संध्याकाळची वेळ, एक मादी, दोन पाडसं, ठिपके जवळजवळ गेलेले, तिघं मान खाली घालून ओट्समध्ये. बाबांनी फोन जवळ नेला आणि तोंडातून एकदम "हुर्रर्र, हाऽऽट" निघालं. आई मागून म्हणाली, अहो तो फोन आहे.

२८ ऑक्टोबर

बकथॉर्न, उपद्रवी झुडूप. वर्षातले हे दोन-तीन आठवडेच सोपे, बाकी सगळ्यांची पानं गळाली की हाच एक हिरवा उरतो, लांबून मोजता येतो. फळं पक्षी खातात आणि सगळीकडे पेरतात, छताला भोक पाडलं की ओकच्या आधी हाच घुसतो. म्हणजे सॉ चालवला त्याचं हे व्याज. हाताएवढे बुंधे कापून लगेच कडेच्या सालीवर ट्रायक्लोपायर हे तणनाशक, निळा रंग घातलेलं, म्हणजे कोणता राहिला ते कळतं. १४० पर्यंत मोजले. नुसतं कापून औषध न लावता सोडलं तर पुढच्या वर्षी एकाचे दहा.

लसणी वासाची गार्लिक मस्टर्ड पण दिसली दोन ठिकाणी, ती वसंतात उपटायची.

२६ नोव्हेंबर

बंदुकीचा सीझन आज संपला, १८ पासून नऊ दिवस. मी शिकार करत नाही हे वर लिहिलंय, पण आजोबा आणि त्यांच्या मुलाला या वर्षी परवानगी दिली, फक्त माद्या. बायकोशी यावर बरेच दिवस बोलणं झालं. पिंजऱ्यांनी ठरवलं शेवटी. जंगलातल्या पिंजऱ्यात ओकची नऊ रोपं, वीतभर. बाहेर तेवढ्याच जागेत चार, आणि चारही दोन इंचावर खुडलेली. खाणारी तोंडं एवढीच राहिली तर मी कितीही झाडं कापली तरी पुढचा ओक येणार नाही.

दोन माद्या झाल्या. दोन्हींची डोकी डीएनआरच्या पेटीत तपासणीला ठेवली, मानेतल्या गाठींचा नमुना घेतात, पैसे घेत नाहीत. मांस रिपोर्ट येईपर्यंत फ्रीझरमध्ये, वेगवेगळ्या पिशव्यांत, नाव घालून. आजोबांनी उरलेली हाडं आणि आतडी रानात टाकली नाहीत, बांधून कचरा डेपोला दिली.

९ डिसेंबर

रिपोर्ट आले. एक निगेटिव्ह, एक पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह होती ती गुबगुबीत, चकचकीत कातडीची, बघून कुणी म्हणालं नसतं. आजोबांनी तिची पूर्ण पिशवी बांधून डेपोत नेऊन टाकली, म्हाताऱ्याने परत येऊन एवढंच विचारलं की ती तुझ्या ओट्सवरचीच होती का. मला माहीत नाही.

प्लॉट आहे तसा अर्धाच एकर ठेवायचा, वाढवायचा नाही. मीठाची वीट ठेवायचा विचार होता, तोही गेला.

१० फेब्रुवारी २०२४

हिवाळाच नाही या वर्षी. जमिनीवर बर्फ नाही, क्लोव्हर उघडं आणि हिरवं, हरणं जंगलातल्या काड्यांकडे फारशी फिरकलेली नाहीत. ओल्या जमिनीत एटीव्ही घातली तर चाकोऱ्या पडतात म्हणून सगळं सामान पाठीवर.

दुसरा एकर सुरू केला, पहिल्याला लागून, मध्ये तीस फुटांची पट्टी न कापता सोडलीये, वारा अडायला. या वेळी हिंज फक्त कडेला, आत सगळं बुंध्यातून. २२ झाडं झाली. आकाशी ठिगळाचा बर ओक याच तुकड्यात येतो, त्याच्या पश्चिमेचं आयर्नवुड काढलं, दक्षिणेचं ॲश तसंच उभं ठेवलं. साखळी बोथट झाली, भुसा बारीक पडायला लागला की थांबायचं, चारला थांबलो. नवीन दोन पिंजऱ्यांची जाळी गाडीतच राहिली, पुढच्या शनिवारी.